कुणाच्या मापाचं

१

रिकामे हात मला कधी सहन झाले नाहीत. माहेरी, समडोळीला शाळेत असताना शिवणाच्या बाईंनी क्रोशाची सुई हातात दिली, आणि तेव्हापासून भाकरी थापायचा आणि झोपायचा वेळ सोडला तर ती सुई माझ्या बोटांत असे. टोकाला आकडी असलेली एक सुई आणि लोकरीचा गुंडा, एवढ्यावर माझं भागायचं. आईची शाल, भावाचा मफलर, चुलतबहिणींच्या पोरांची टोपरी, घरातल्या एकूण एक माणसाच्या अंगावर माझ्या हातचं काहीतरी होतं. माप मी टेपनं घेत नसे. माणूस माझ्यासमोरून एकदा चालत गेलं की त्याचं माप हातात उतरायचं. सासरी याचं सगळ्यांना कौतुक होतं. कस्तुरीला टेप लागत नाही, असं सासरे पाव्हण्यारावळ्यांना सांगायचे.

चौऱ्याहत्तर साली आम्ही साताऱ्याला बिऱ्हाड केलं. माझे यजमान, अजितकुमार, तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागले होते. तयार झालेल्या सुट्या भागांची मापं तपासायचं त्यांचं काम. जागा मिळाली ती नानासो म्हणून फौजेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांची. खाली ते आणि त्यांची बायको राहीबाई, वर आमच्या दोन खोल्या, एकामागं एक. मधल्या चौकटीला दार बसवलेलं नव्हतं, पडदा होता. पुढं गॅलरी आणि गॅलरीतून खाली उतरणारा जिना. नानासोंनी निवृत्तीनंतर हा वरचा मजला चढवला होता. चुन्याचा वास अजून गेला नव्हता. आमच्याआधी तिथं कुणी राहिलेलं नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं ज्याला ज्याला हे सांगितलं त्यानं पहिल्यांदा तेच विचारलं.

आम्ही दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं. हे कारखान्यातून आले की लगेच पानं घ्यायची, आणि मग सबंध संध्याकाळ मोकळी. त्या वर्षी दिवाळीनंतर थंडी पडली तेव्हा मी ह्यांच्यासाठी बाटलीच्या रंगाची हिरवी लोकर आणली आणि स्वेटर विणायला घेतला. पाठ झाली, ती ह्यांच्या पाठीला लावून बघितली. पुढचे दोन भाग झाले, तेही लावून बघितले. बाह्या खांद्यापासून मनगटापर्यंत बरोबर उतरल्या. एके दुपारी बसून सगळे भाग जोडले, बटणं लावली.

संध्याकाळी ह्यांनी तो अंगात घातला आणि हात पुढं केले. बाह्या बोटांच्या पुढं वीतभर लोंबत होत्या. खांद्यात मात्र स्वेटर इतका अरुंद, की हात वर नेला तर टाका तुटेल.

हे हसायला लागले. कुणाचं माप घेतलंस म्हणाले. मीही हसले. लगेच शेवटचा टाका सोडवला आणि सगळा स्वेटर उसवून टाकला.

२

दुसऱ्यांदा मी घाई केली नाही. रोज संध्याकाळी जेवढं झालं असेल तेवढं ह्यांच्या अंगाला लावायची. ह्यांना गंमत वाटू लागली होती, त्यांनी कारखान्यातली पोलादी पट्टी आणली आणि प्रत्येक भाग जोडायच्या आधी मोजला. मोजून झाल्यावर म्हणाले, आता चुकायला जागाच नाही.

जोडायचं काम मी दुपारी गॅलरीच्या दारात, लख्ख उजेडात केलं. समोर अजिंक्यतारा, खाली अंगणात राहीबाई डाळ पाखडत होत्या. मन शांत होतं. शेवटचा टाका घातला, धागा कापला, स्वेटर खाटेवर ठेवला आणि चहाला आधण ठेवलं.

ह्यांनी तो घातला तेव्हा बाह्या पुन्हा तेवढ्याच लांब. ह्यांनी पट्टी लावली, मग दुसऱ्या बाहीला लावली. या वेळी हसले नाहीत. पट्टी खाली ठेवली आणि म्हणाले, "लोकर आहे, लोखंड नाही. ताणते."

मी ते मानलं. मानायचंच होतं मला. नवी लोकर वजनानं ओघळते हे खरंच आहे. पण वजनानं ओघळली तर ती लांब होते, खांद्यात आखडत नाही, हेही मला कळत होतं. पुन्हा उसवायचा जीव झाला नाही म्हणून स्वेटर तसाच मागच्या खोलीतल्या दोरीवर टाकला.

त्याच सुमाराला मला दिवस गेल्याचं कळलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दोन्ही घरं वाट बघून थकली होती. राहीबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. स्वेटरचं सांगितल्यावर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. पोटुशी बाईचा हात सैल पडतोच, म्हणाल्या, भाकरीसुद्धा मोठी होते. माझ्या मनावरचा भार उतरला. एवढं साधं कारण होतं, आणि मी काय काय मनात आणत होते.

३

माघात सासरे आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. बाळगोंडा पाटील म्हणून सांगलीकडं त्यांना लोक ओळखत. आडव्या बांध्याचा, जाड पावलांचा माणूस. गुळाची ढेप आणि शेंगा घेऊन आले होते. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून मी दिवाळीला पाठवलेले पायमोजे काढले आणि अवघडून माझ्यासमोर ठेवले.

"पोरी, रागावू नगंस. हे माझ्या पायात जाईनात. अरुंद हायत, आन् लांब बी लय हायत. दुसऱ्या कुणाचं आलं काय बघ."

दुसऱ्या कुणाचे मी केलेच नव्हते. दिराची कानटोपी पण त्यांनी परत आणली होती. ती त्याच्या कपाळावर बसेना, डोक्यावर शेंड्यासारखी उभी राही. गावात पोरं हसली म्हणे त्याला.

हे सगळं मी सैल हाताच्या नावावर घातलं असतं. पण मग टोपरं झालं.

बाळासाठी पहिल्यांदा टोपरं करायचं असं मी ठरवलं होतं. फिकट पिवळी लोकर, बारीक सुई. साखळीचं इवलंसं कडं केलं आणि त्याच्याभोवती खांब, म्हणजे उभे टाके, घालत गेले. प्रत्येक फेरीला ते माझ्या मुठीवर बसवून बघायची. मुठीवर घट्ट बसायचं, लिंबाला साल बसावी तसं. शेवटची फेरीही मुठीवरच बघितली. धागा कापला, टोपरं खाटेवर ठेवलं. स्टोव्हवर दूध होतं, ते उतू जाईल म्हणून उठले.

परत आले तर खाटेवर मोठ्या माणसाची टोपी पडली होती. तोच रंग, तीच वीण, टाके तेवढेच. लांबट, अरुंद टोपी. मी ती मुठीवर घातली तर कोपरापर्यंत खाली आली.

दूध मी उतरवलं होतं की नाही ते मला आठवेना. स्टोव्हजवळ जाऊन बघितलं. उतरवलेलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की सगळं एका बैठकीत उसवून टाकायचं. हे कामावर गेले होते. कशापासून सुरुवात करावी म्हणून एकेक वस्तू काढून खाटेवर ठेवत गेले. आधी स्वेटर ठेवला. त्याच्या वरच्या बाजूला पिवळी टोपी, खालच्या बाजूला पायमोजे. मुद्दाम तसं ठेवलं नव्हतं. कपडे ठेवताना कुणीही ठेवेल तसेच ठेवले होते.

मग मागं सरकून बघितलं आणि उभी राहिले ती तशीच राहिले.

खाटेवर एक माणूस होता. टोपीचा शेंडा खाटेच्या वर गेलेला, पायमोजे खालून बाहेर आलेले. छातीत बारीक, हातापायानं लांबच लांब. डावी बाही उजवीपेक्षा जरा जास्त लांब, हे तेव्हाच पहिल्यांदा लक्षात आलं. प्रत्येक वस्तू वेगळ्या माणसासाठी केली होती, वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या सुईनं. आणि सगळ्या एकमेकींना बरोबर होत्या.

मी उसवायला बसलेच नाही. हे येईपर्यंत गॅलरीत उभी राहिले. ह्यांना हात धरून आत नेलं आणि दाखवलं. ह्यांनी डबा खाली ठेवला. ज्या नजरेनं ते कारखान्यात एखादा भाग बघत असतील त्या नजरेनं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सगळं एकाच माणसाचं आहे," म्हणाले.

म्हणाले आणि स्वतःच दचकले. मग मला खुर्चीवर बसवून समजावू लागले. कुणाचं तरी माप माझ्या मनात बसलंय, म्हणाले. एसटीत असेल, बाजारात असेल, कुणी उंच माणूस मी बघितला असेल आणि हात आपोआप त्याच्याच मापानं चालत असेल. माझ्यासारख्या अंदाजानं काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत हे अगदी होण्यासारखं आहे. मी आठवू लागले. नानासोंकडं येणारे जुने फौजी, दूधवाला, रहिमतपूरच्या बाजारातून लोकर आणणारा दुकानदार. उंच माणसं होती, पण असं कुणी नव्हतं.

बोलता बोलता मी स्वेटर उचलला आणि बाही हातावर घेतली. कोपराच्या जागी लोकरीला फुगा आला होता. रोज घालून, हात वाकवून वाकवून जुन्या स्वेटरला येतो तसा. दोन्ही कोपरांना होता. मी तो ह्यांच्यापुढं धरला. ह्यांनी बघितलं, आणि दोरीवर टाकल्यामुळं असं होतं म्हणाले.

दोरीवर मी तो मधोमध टाकला होता. बाह्या नुसत्या लोंबत होत्या.

५

ह्यांच्या सांगण्यावरून मी सगळे कपडे ट्रंकेत भरले, घड्या घालून, आणि ट्रंक मागच्या खोलीत खुर्चीशेजारी ठेवली. क्रोशाची सुई डब्यात टाकली. बाळंत होईपर्यंत सुईला हात लावायचा नाही असं मी ह्यांना कबूल केलं.

ते दिवस फार वाईट गेले. हातांना काम नव्हतं. पदराची दशी ओढत बसायची, चादरीचे धागे काढायची. तांदूळ निवडून झाले की पुन्हा निवडायची. एका जागी बसवत नसे. पुढच्या खोलीतून मागच्या, मागच्या खोलीतून गॅलरीत. राहीबाई खालून म्हणायच्या, वर दिवसभर कोण चालतंय, जरा पाय टेक की. मी टेकायची. आणि कधी कधी मी गॅलरीच्या पायरीवर बसलेली असताना मागच्या खोलीत फरशीवर खुर्चीचा पाय सरकल्यासारखं वाजायचं. एकदाच. बसताना माणूस खुर्ची जरा ओढून घेतो ना, तेवढंच. मी उठून बघायची. खुर्ची जिथल्या तिथं असायची. जिथल्या तिथं म्हणजे कुठं, हे मी आधी कधी नीट बघितलेलं नव्हतं.

एके दिवशी नळावर पाणी भरताना राहीबाईंनी सहज विचारलं, "आज तुजं मालक घरीच हुतं व्हय दुपारचं? ग्यालरीत पाठमोरं उभं हुतं. हिरवा स्वेटर घालून, एवढ्या उन्हाचं."

मी म्हटलं, हे तर कामावर गेले होते.

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि घागर कडेवर घेतली. मग तू दोरीवर टाकला आसशील स्वेटर, म्हणाल्या. खालनं बघितलं की कायबी उंच दिसतं.

मी वर आले आणि ट्रंक उघडली. कपडे होते. सगळे होते, घड्याही होत्या. पण स्वेटरच्या बाह्या मी सरळ ठेवल्या होत्या आणि आता त्या कोपरापर्यंत वर सारलेल्या होत्या. हातानं काम करायचं असलं की माणूस बाह्या वर घेतो, तशा. मी त्या खाली केल्या. झाकण लावलं. ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी कारण शोधून दिलं असतं, आणि मला आता कारणांचा कंटाळा आला होता.

६

सातव्या महिन्यात समडोळीहून आईचा निरोप आला की आता ये, ऊन आणखी वाढलं की एसटीचे हाल नकोत. निघायच्या आदल्या दिवशी सामान आवरताना पिवळ्या लोकरीच्या लडी हाताला लागल्या. बाळासाठी आणलेल्या, नुसत्या पडून होत्या. मला वाटलं, गुंडे तरी करून ठेवावेत. आई विणेल. गुंडा करण्यात माप नसतं, सुई नसते. कबूल केलेलं मोडत नव्हते मी.

लोकरीची लड गुंडाळायला दोन माणसं लागतात. एकानं दोन्ही हातांवर लड ताणून धरायची, दुसऱ्यानं धागा गुंडाळायचा. धरणाऱ्यानं हात जरा डावीकडं, जरा उजवीकडं झुकवत राहायचे म्हणजे धागा सुटत जातो. एकटीला करायचं तर खुर्चीच्या पाठीवर लड अडकवायची. मी मागच्या खोलीत खुर्चीवर लड घातली आणि धागा घेऊन पुढच्या खोलीत आले. मागं फार कोंदट होतं, आणि खरं सांगायचं तर मला तिथं बसायचं नव्हतं. पडद्याखालून धागा ओढून घेतला आणि गॅलरीच्या दारात उजेडात बसले.

खुर्चीवरची लड अडते. दर थोड्या वेळानं उठून सोडवावी लागते. मी एकदा उठले, दोनदा उठले. तिसऱ्यांदा धागा अडला तेव्हा मी उठणार, तोच तो सुटला. मग अडलाच नाही. भराभर येऊ लागला. आधी डाव्या बाजूनं, मग उजव्या बाजूनं, पुन्हा डाव्या. माझ्या गुंडाळण्याच्या लयीत. किती तरी दिवसांनी माझ्या हातांना बरं वाटलं. मी मान खाली घालून गुंडाळत होते, मन दुसरीकडं होतं, उद्याची एसटी, ह्यांच्या जेवणाचं काय. हे आज लवकर आलेत आणि लड धरून बसलेत असंच मी धरून चालले होते. जिना माझ्या पायाशी होता. माझ्यावरून कुणी आत गेलेलं नव्हतं. हे मला माहीत होतं आणि तरी मी ते धरून चालले होते.

धागा जरा ताणला गेला. मी म्हटलं, "आवं, थोडं सैल धरा."

धागा सैल झाला.

खाली फाटक वाजलं. जिन्यावर बूट वाजले, आणि हे डबा घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी त्यांच्याकडं बघितलं. एका हातात डबा, दुसऱ्या हातात केळी. माझ्या बोटांवरून धागा अजून चालला होता, डावीकडून, उजवीकडून.

ह्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग धाग्याकडं, मग धागा जिकडं जात होता तिकडं. मीही तिकडंच वळले. पडदा जमिनीपासून चार बोटं वर होता. त्याच्याखाली पायमोजे दिसत होते. आप्पांसाठी केलेले. दोन्ही, शेजारी शेजारी, टोकं आमच्याकडं. रिकामे पडलेले असते तर चपटे दिसले असते.

"कस्तुरी, धागा सोड," हे हळूच म्हणाले.

मला बोटं उघडता येईनात. ह्यांनी टोपलीतली कात्री घेतली आणि माझ्या बोटांजवळ धागा कापला. कापलेलं टोक जमिनीवर पडलं. क्षणभर तसंच राहिलं. मग ते फरशीवरून सरकत पडद्याखाली गेलं. घाई नव्हती त्याला. पलीकडं कुणीतरी ते गुंडाळून घेत होतं.

ह्यांनी पडदा बाजूला केला. त्यांची ती हिंमत मी जन्मात विसरणार नाही. मागच्या खोलीत खुर्ची होती आणि ट्रंक होती. माणूस नव्हता, पायमोजे नव्हते, लड नव्हती. ट्रंक बंद होती. तिच्याकडं हे थोडा वेळ बघत राहिले, पण ती उघडली नाही.

सुईचा डबा, टोपली, सगळं तिथंच टाकून आम्ही खाली उतरलो. ती रात्र राहीबाईंकडं काढली आणि सकाळी पहिल्या एसटीनं निघालो. उंब्रजला गाडी थांबली तेव्हा हे खाली उतरून माझ्यासाठी शहाळं घेऊन आले.

७

समडोळीला मला मुलगी झाली. सुखरूप बाळंत झाले. अंगानं बारीक होती, पण धडधाकट. दोन्ही घरांत साखर वाटली. तोवर ह्यांनी साताऱ्यातच दुसरीकडं जागा बघितली होती आणि एकट्यानं सामान हलवलं होतं. ट्रंकेचं मी विचारलं. आणली नाही, एवढंच म्हणाले.

मी सुईला हात लावत नव्हते. आईनं आणि चुलत्यांच्या सुनांनी बाळाचं सगळं शिवलं. झबली, दुपटी, कुंची, सगळं सुती. हळूहळू माझं मन स्थिर होत होतं. अवघडलेल्या बाईच्या मनाचे खेळ, आणि ह्यांनी माझ्या नादानं बघितलेलं, असं मी स्वतःला सांगत होते, आणि दिवसा ते पटतही होतं. बाळ मात्र रडायचं. कारण नसताना, सारखं.

बाळ तीनेक महिन्यांचं झालं तेव्हा राहीबाई बाळंतविडा घेऊन आल्या. सांगलीला त्यांची बहीण होती, तिच्याकडून ऊन तापल्यावर चालत आल्या. आई मागं परसात धुण्याला बसली होती. मी त्यांना सोप्यात बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून डिंकाचे लाडू काढले, खण काढला, बाळाला झबलं काढलं. मग बाळाला मांडीवर घेऊन त्याच्या डोक्यावर एक टोपरं चढवलं.

पिवळ्या लोकरीचं.

"हे तुजंच हाय," राहीबाई म्हणाल्या. "वर खुर्चीवर ठिवलं हुतंस. जागा झाडाया गेले तवा घावलं. म्हटलं, एवढं चांगलं केलंय पोरीनं, इसरून गेली."

बाळ रडायचं थांबलं होतं. टोपरं त्याला नेमकं बसलं होतं, कानावर, कपाळावर, कुठं सैल नाही, कुठं घट्ट नाही. बाळाला कुणी न बघता केलेलं टोपरं. मी जवळ जाऊन वीण बघितली. माझ्या हातचे टाके उजवीकडं कलतात. हे सगळे डावीकडं कललेले होते. सफाईदार नव्हते. शिकणाऱ्याचा हात होता, पण कुणाचं तरी बघून मन लावून शिकणाऱ्याचा.

मला ते उसवायचं होतं. क्रोशाचं काम शेवटच्या टाक्यापासून उसवतं, म्हणून मी कडेवरून बोट फिरवत शेवटचा टाका शोधू लागले. तो सापडला तो बंद केलेला नव्हता. टोपरं पुरं झालेलंच नव्हतं. शेवटचा फास उघडा होता आणि त्यातून धागा निघून खाली गेला होता, राहीबाईंच्या मांडीवरून, पिशवीवरून, सोप्याच्या फरशीवरून, आणि उंबरा ओलांडून बाहेर.

राहीबाईंनाही तो आत्ताच दिसला. पिशवीतनं वडत आला आसंल, म्हणाल्या, पण म्हणता म्हणता त्यांचा आवाज बारीक झाला. त्या सांगलीहून आल्या होत्या. सांगलीला साताऱ्याहून.

मी दारात गेले. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. धागा उंबऱ्यावरून गल्लीत उतरून चावडीच्या वळणापर्यंत गेला होता. जमिनीला टेकलेला नव्हता. कुणीतरी दुसरं टोक धरून ठेवावं तसा हवेत ताठ होता, आणि उन्हात चमकत होता. वळणापलीकडचं मला दिसत नव्हतं.

बघता बघता तो खाली आला. वळणाजवळ आधी धुळीला टेकला, मग अलीकडं, मग आणखी अलीकडं. धुळीत त्याची वेटोळी पडू लागली. धरणारा लांब असतो तोवर धागा ताठ असतो. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी आत आले. राहीबाईंच्या मांडीवरून बाळाला उचललं, टोपऱ्याची नाडी सोडली, ते काढून उंबऱ्याबाहेर टाकलं आणि दार लावून कडी घातली. बाळानं लगेच भोकाड पसरलं. मी त्याला खांद्याशी घेऊन दाराला पाठ लावून उभी राहिले. राहीबाई जागेवरून हलल्या नाहीत, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. बाहेर काही वाजलं नाही. पाऊल वाजलं नाही, कडी वाजली नाही. बाळाच्या रडण्यातून मी कान देऊन ऐकत होते.

आई परसातून बोळानं घराच्या पुढच्या बाजूला धुणं वाळत घालायला आली असावी. भिंतीपलीकडून, खिडकीतून तिचा आवाज आला.

"कस्तुरे, उनात कुणाला उभं केलंयस गं? दार उघड की. पाव्हणं लय उंच हायती, चौकट लागंल कपाळाला. जरा वाकून या म्हणावं."